बासष्ट स्लाइड आणि दीड तास

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: पहिल्यांदाच प्रशिक्षण द्यायचं आहे, समोरची माणसं कंटाळू नयेत म्हणून काय करू? पत्रं शेतीतून आली आहेत, कारखान्यातून आली आहेत, बचत गटांतूनही आली आहेत. औशाच्या पत्रात बाकीच्यांचे निम्मे प्रश्न येऊन जातात, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत नुकतीच रुजू झाले आहे. पेरणीआधी ४५ शेतकऱ्यांना सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण क्षमता कशी तपासायची, यावर दीड तासाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आधीच्या ताईंनी ६२ स्लाइड दिल्या आहेत. त्यात वाणांपासून बाजारभावापर्यंत सगळं आहे. हे दीड तासात कसं बसवू?
(एक वाचक, औसा, जि. लातूर)

बसवू नका. ६२ स्लाइड बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘घरी गेल्यावर प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या कोठीतलं बियाणं गोणपाटात तपासता आलं पाहिजे, आणि आलेल्या आकड्यावरून एकरी किती किलो पेरायचं ते काढता आलं पाहिजे.’ ‘माहिती होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ अशी वाक्यं चालणार नाहीत, कारण ती झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. गोणपाट गुंडाळता आलं की नाही, हे दिसतं. आता एकेक स्लाइड या वाक्यासमोर धरा. वाणांची यादी गेली, खतांचं वेळापत्रक गेलं, बाजारभाव गेला. पाच-सहा फोटो उरतील. तेवढे पुरेत.

हा विषय तुमच्या फायद्याचा आहे, कारण तो हातांनी करायचा आहे. पद्धत तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो. प्रत्येक बियाण्याचे शंभर-शंभर दाण्यांचे तीन नमुने घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट, मग सगळ्याची सैल गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि वाळू द्यायची नाही. चार-पाच दिवसांनी उघडून सशक्त कोंब तेवढे मोजायचे. तुटलेले, कुजलेले, वाकडे कोंब मोजायचे नाहीत. तीन नमुन्यांची सरासरी ७० किंवा जास्त आली तर नेहमीचं एकरी ३० किलो. कमी आली तर ३० ला ७० ने गुणून आलेल्या आकड्याने भागायचं. म्हणजे ६२ आले तर जवळपास ३४ किलो. ६० च्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचं नाही.

अडचण एकच, निकालाला चार-पाच दिवस लागतात आणि तुमच्याकडे दीड तास आहे. म्हणून कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी तुम्ही स्वतः गुंडाळ्या करून ठेवा. पाच-पाच जणांचे नऊ गट होतील, एक गुंडाळी जास्तीची धरा, म्हणजे दहा. इथे एक गोष्ट मुद्दाम करा. सगळ्या गुंडाळ्यांत एकाच पोत्यातलं बियाणं घालू नका. तीन गुंडाळ्या चांगल्या बियाण्याच्या करा. तीन अशा बियाण्याच्या करा, जे मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवून काढलेलं किंवा पोती आपटून हाताळलेलं आहे. उरलेल्या गावातल्याच दोघा-तिघांनी दिलेल्या बियाण्याच्या करा. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि कोंबाचा भाग त्याच्या लगेच खाली असतो. मार बसला की दाणा वरून धड दिसतो, पण आत कोंब दुखावलेला असतो. एका गटाच्या मोजणीत ८४ आणि शेजारच्या गटाच्या मोजणीत ५३ आले, की पुढची चर्चा तुम्हाला ओढावी लागणार नाही, लोकच सुरू करतील. गुंडाळ्या मोटारसायकलवर पिशवीत लटकवून नेल्या तर कोंब मोडतात आणि मोजणी खोटी येते. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आडव्या ठेवा, वर ओलं फडकं टाका.

वेळेची मांडणी अशी करा. पहिली आठ-दहा मिनिटं: प्रत्येक गटासमोर बंद गुंडाळी आणि त्याच बियाण्याचे मूठभर कोरडे दाणे ठेवायचे. शंभरातले किती उगवले असतील, हा अंदाज गटाने दाणे बघून पाटीवर लिहायचा. अजून गुंडाळी उघडायची नाही. पुढची दहा मिनिटं: तुम्ही एकदा करून दाखवायचं, कमी बोलत. मग अर्धा तास गटांनी स्वतः करायचं. वर्गात शंभर दाण्यांचा एकच नमुना पुरे, पण घरी तीन घ्यायचे हे दोनदा सांगा. मग पंधरा मिनिटं तयार गुंडाळ्या उघडून मोजणी आणि एकरी किलोचा हिशोब. पंधरा मिनिटं प्रश्न. शेवटी प्रत्येकाने आपण घरी कोणत्या तारखेला गोणपाट भिजवणार, ते वहीत लिहायचं आणि शेजाऱ्याला दाखवायचं.

बेरीज केली तर नव्वद मिनिटं भरत नाहीत, दहा मिनिटं मोकळी राहतात. ती भरू नका. नवा प्रशिक्षक घरी घड्याळ लावून सराव करतो, तिथे कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी उशिरा येत नाही, चहा येत नाही. प्रत्यक्षात तेच साहित्य हमखास जास्त वेळ खातं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट वेळ खाते, ती म्हणजे सत्कार. दीपप्रज्वलन, हार, नारळ, प्रत्येक मान्यवराचं दोन शब्दांचं मनोगत, यात पाऊण तास गेला तर तुमचा दीड तास पंचेचाळीस मिनिटांवर येतो. आयोजकांशी आधीच बोला आणि मनोगतं शेवटी ठेवायला सांगा. शेवटी प्रत्यक्ष कोंब बघितल्यावर पाहुण्यांना बोलायलाही काहीतरी हाती लागतं. तरीही वेळ गेलाच, तर काय गाळायचं ते आधी ठरवून टिपणावर खूण करून ठेवा. तुमच्या बाबतीत करून दाखवण्याचा वेळ कमी करा, प्रश्न कमी करा, पण शेतकऱ्यांच्या हातांनी होणारं काम आणि मोजणी गाळू नका.

तारीख ठरवताना गावचा आणि शेजारच्या मोठ्या गावचा बाजाराचा दिवस टाळा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या सभागृहात कितीही चांगला वक्ता असला तरी माणूस ऐकू शकत नाही, घामाने आणि पंख्याच्या आवाजाने जीव नकोसा होतो. सकाळी आठची वेळ घ्या. सांगितलेल्या वेळेला दहाच माणसं आली असतील तर त्यांना पाटी-खडू देऊन अंदाजाचं काम सुरू करून द्या. वेळेवर आलेल्याचा वेळ फुकट घालवला तर पुढच्या वेळी तोही उशिरा येतो.

साहित्याची यादी दाराजवळ टांगा: दीड बाय दोन फुटांचे गोणपाटाचे वीस तुकडे, निवडून शंभर-शंभर मोजलेल्या दाण्यांच्या दहा पुड्या, दहा मग, पाण्याच्या दोन कळशा, सुतळी, कात्री, दहा पाट्या, खडू, हात पुसायला जुनी फडकी. दाणे आधी मोजून नेले नाहीत तर मोजण्यातच वेळ जातो आणि खरं शिकायचं, म्हणजे ओळीतलं अंतर आणि गुंडाळीची सैल-घट्ट, ते राहून जातं. गुंडाळी घट्ट झाली की हवा मिळत नाही आणि दाणे कुजतात. पाणी निथळू न देता गुंडाळली तरी तेच. या दोन चुका प्रत्येक गावात होतात, म्हणून करून दाखवताना तिथे थांबा.

आणि लोक ऐकतील का, याबद्दल. तुम्ही वयाने लहान आहात आणि समोर तीस-तीस वर्षं सोयाबीन पिकवलेली माणसं असतील. त्यांना ‘मी तुम्हाला शिकवायला आले आहे’ असं वाटू देऊ नका. ‘काका, तुमच्याकडे घरचं बियाणं किती वर्षं चालतं? मागच्या वर्षी दुबार पेरणी कोणाकोणाला करावी लागली?’ इथून सुरुवात करा आणि उत्तरं फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढे बोलताना त्याच शब्दांकडे परत परत या. नामदेवांच्या नर्सीपासून एकनाथांच्या पैठणपर्यंत आपल्याकडे कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे नवं नाही. कीर्तनकार दोन तास बोलतो, पण निरूपणाला अभंग एकच धरतो आणि कितीही दाखले दिले तरी धृपदावर परत येतो. तुमचं धृपद आहे ‘पेरण्याआधी मोजा’.

प्रश्न: वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. २० नव्या शिकाऊ मुलांना व्हर्नियर कॅलिपर (सुट्या भागांची बारीक मापं घ्यायचं साधन) शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. आधीच्या तुकडीला सहकाऱ्याने शिकवलं तेव्हा निम्मी मुलं पेंगत होती आणि नंतर मापं चुकली. माझं तसं होऊ नये.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी तपासा, मुलं कोणत्या पाळीतून येणार आहेत. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी नऊला बसवलं तर तो पेंगणारच. त्यात शिकवणाऱ्याचा दोष नाही, वेळ लावणाऱ्याचा आहे. व्यवस्थापकांना स्पष्ट सांगा.

शिकवण्याची पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवशिक्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम राबवला गेला. त्यातली काम शिकवण्याची चार पावलं आजही कारखान्यांत वापरतात: शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पाठपुरावा करा. त्यांच्या कार्डावर एक वाक्य छापलेलं असे, त्याचा अर्थ असा की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही.

आदल्या दिवशी एका कागदावर तीन रकाने आखा: टप्पा, त्यातली महत्त्वाची खूण आणि कारण. उदाहरणार्थ, टप्पा: जबडे पुसून बंद करा. खूण: दोन्ही शून्यं जुळतात का बघा. कारण: जुळत नसतील तर प्रत्येक मापात तेवढी चूक शिरते. पुढचा टप्पा: जॉब, म्हणजे मोजायचा भाग, जबड्यांत धरा. खूण: मोठ्या पट्टीला जॉब काटकोनात, अंगठ्याचा दाब हलका. कारण: तिरका धरला की माप जास्त येतं, जोर लावला की जबडा किंचित झुकतो आणि माप कमी येतं. असे सहा-सातच टप्पे होतील. ‘काळजीपूर्वक पकडा’ असं लिहू नका, काळजी कशी घ्यायची ते लिहा.

दाखवताना तेच काम तीनदा करा. पहिल्यांदा फक्त टप्पे सांगत. दुसऱ्यांदा टप्प्यांबरोबर खुणा. तिसऱ्यांदा कारणं. सगळं एका दमात सांगितलं की मुलाच्या डोक्यात काहीच वेगळं राहत नाही. मग त्याच्याकडून आधी न बोलता करून घ्या, मग टप्पे बोलत, मग खुणा बोलत, मग कारणं बोलत. चूक झाली की तिथेच थांबवा. चुकीची सवय एकदा हाताला लागली की काढायला दुप्पट कष्ट पडतात.

२० जण एका टेबलाभोवती उभे केले तर दहा जणांना पट्टी दिसतच नाही, आणि पेंगण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. दाखवण्यासाठी पाच-पाचचे चार गट करा, सरावासाठी दोघांत एक व्हर्नियर. म्हणजे दहा व्हर्नियर आणि क्रमांक टाकलेले पाच जॉब, ज्यांची अचूक मापं तुम्ही प्रयोगशाळेतून आधीच काढून आणली आहेत. व्हर्नियरवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, कुठून येतं हे फळ्यावर एकदाच दाखवा: सरकत्या पट्टीचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ मिलिमीटरवर बसतात, म्हणून एक भाग ०.९८ मिलिमीटर, आणि फरक ०.०२. मग एक वाचन सोडवा. सरकत्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीवर २४ च्या पुढे आहे आणि सरकत्या पट्टीची १७ वी रेघ जुळते, तर २४ अधिक १७ गुणिले ०.०२, म्हणजे २४.३४ मिलिमीटर. आता विचारा: याच व्हर्नियरचे जबडे बंद केल्यावर सरकत्या पट्टीचं शून्य पुढे गेलेलं होतं आणि तिसरी रेघ जुळत होती, तर खरं माप किती? ०.०६ वजा करून २४.२८ असं ज्याने सांगितलं, त्याला शून्याची चूक कळली. जो २४.४० म्हणतो त्याला हसू नका, त्याच्यासाठी जबडे पुन्हा बंद करून दाखवा.

पाठपुरावा म्हणजे पहिल्या आठवड्यात रोज एकदा त्या मुलाच्या मशीनवर जाऊन त्याने घेतलेलं एक माप स्वतः घेऊन बघणं, आणि तुम्ही नसाल तेव्हा त्याने कोणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगणं. पुढे हे हळूहळू कमी करा.

प्रश्न: उभं राहिलं की हात थरथरतात आणि घसा कोरडा पडतो. पुढच्या आठवड्यात आशा ताईंसमोर पहिलं सत्र आहे.
(एक वाचक भगिनी, मानवत, जि. परभणी)

थरथर पहिल्या तीन-चार मिनिटांची असते, तेवढ्यापुरती सोय करा. पहिली दोन वाक्यं अक्षरशः पाठ करा, बाकीचं पाठ करू नका. हातात सुटा कागद घेऊ नका, तो थरथरतो आणि सगळ्यांना दिसतो. जाड पुठ्ठ्यावर टिपण चिकटवा. एक तास आधी पोहोचा आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक ताईशी दोन शब्द बोला. मग समोर चाळीस अनोळखी चेहरे नसतात. सुरू करण्याआधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्या, चार-पाच वेळा. पाणी साधं असू द्या.

आणि पाचव्या मिनिटाच्या आत लोकांना काम द्या. ओआरएसचा विषय असेल तर तुमच्यासमोर एक लिटरचं भांडं, पाकीट आणि चमचा ठेवा आणि एका ताईला बोलावून तिच्याकडून करून घ्या. सगळ्यांचे डोळे तुमच्यावरून भांड्यावर जातात. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात एकदाच टाकायचं, की अर्धं-अर्धं करून पेल्यात, या एका प्रश्नावरही चांगली चर्चा होते. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं की प्रमाण बिघडतं आणि तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचं असतं, हे त्यातूनच निघतं.

‘माझी ही पहिलीच वेळ आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या’ हे वाक्य मात्र बोलू नका. नम्रता म्हणून बोललं जातं, पण ऐकणारी माणसं मग चुका शोधायला लागतात.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर मराठी नीट दिसतं, पण सभागृहातल्या कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं बदलून भलतंच काहीतरी दिसलं. वरून वीज गेली. पुन्हा असं होऊ नये यासाठी काय करावं?
(एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड)

तुमची फाइल बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की रूप निघून जातं आणि मूळ संकेत तेवढे दिसतात. यापुढे सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. मंगल, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता यातला कोणताही फॉन्ट चालेल. फाइलची एक प्रत पीडीएफ करून पेन ड्राइव्हमध्ये आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरं हलत नाहीत, मात्र व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालत नाही, ते वेगळं न्या.

शक्य असेल तर स्वतःचाच लॅपटॉप जोडा. त्यासाठी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर बॅगेत ठेवा, कारण तालुक्याच्या ठिकाणी अजून बरेच जुने प्रोजेक्टर व्हीजीएचेच आहेत. व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, म्हणून व्हिडिओ दाखवायचा असेल तर वेगळा स्पीकर लागतो. पडद्यावर काही येत नसेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणि तीन पिनांची जोडणी घरूनच न्या. दिव्याचा प्रोजेक्टर वीज गेली की पंख्यासकट बंद पडतो. वीज आली तरी दिवा थंड झाल्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नाही, म्हणून बटणं दाबत बसू नका, लोकांना काम देऊन टाका.

वीज जाणारच असं धरून चाला. सगळ्यात महत्त्वाची तीन चित्रं मोठ्या कागदावर काढून न्या, काळ्या किंवा गडद निळ्या मार्करने, आणि आदल्या दिवशी स्वतः शेवटच्या रांगेच्या अंतरावर उभं राहून वाचून बघा. पिवळा आणि फिकट हिरवा मार्कर लांबून दिसत नाही. स्लाइडवरही तीसच्या खालचा फॉन्ट टाळा, आणि जे वाक्य तुम्ही बोलणार आहात ते स्लाइडवर लिहू नका. माणूस एका वेळी एक तर वाचतो, नाही तर ऐकतो. सादरीकरण चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो आणि नजरा तुमच्याकडे येतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत येते. इतकं उपयोगी बटण फार थोडे जण वापरतात.

माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, आणि स्पीकरच्या पुढे जाऊन उभे राहू नका, शिट्टी तिथूनच येते.

प्रश्न: मी बचत गटांची सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणारी समुदाय संसाधन व्यक्ती) आहे. गटातल्या महिलांना कर्जाचं व्याज समजावून सांगायचं आहे. सगळ्या ‘हो, समजलं’ म्हणतात, पण नंतर तोच प्रश्न विचारतात. शिवाय बैठकीत गावातले दोन-तीन पुरुष येऊन त्यांच्या वतीने बोलतात.
(एक वाचक भगिनी, सेनगाव, जि. हिंगोली)

‘समजलं का?’ हा प्रश्नच सोडून द्या. त्याला ‘नाही’ म्हणायला फार धाडस लागतं, म्हणून उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी करायला सांगा. एक उदाहरण अख्खं बैठकीच्या मधोमध मांडा. दहा हजारांचं कर्ज, महिना एक टक्का, दहा समान हप्ते. हजार-हजारच्या दहा चिठ्ठ्या सतरंजीवर ठेवा आणि प्रत्येक चिठ्ठीवर ज्वारीचे दहा दाणे. एक दाणा म्हणजे एक रुपया व्याज. पहिल्या महिन्यात दहाही चिठ्ठ्या आहेत, म्हणून व्याज शंभर दाणे. ते मोजून बाजूला काढायचे आणि एक चिठ्ठी परत गटाच्या पेटीत. दुसऱ्या महिन्यात नऊ चिठ्ठ्या, त्यावर नव्वद दाणे. शेवटच्या महिन्यात एकच चिठ्ठी आणि दहा दाणे. सगळे मिळून साडेपाचशे. मग त्याच दहा हजारांवर शेवटपर्यंत दर महिन्याला शंभर घेणारा सावकार मांडा: हजार दाणे. दोन ढीग शेजारी-शेजारी ठेवा आणि गप्प राहा. ज्या मावशींना अक्षर ओळखता येत नाही, त्यांनाही ढीग ओळखता येतो. तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून जे येईल ते ऐका.

हे गप्प राहणं शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब आणि विचार करून येतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. मनातल्या मनात पाच अंक मोजा.

तुम्हीही सतरंजीवरच बसा, खुर्ची घेऊ नका. आक्का, मावशी, वहिनी अशी जी हाक गावात आहे तीच वापरा. तांड्यावरच्या बैठकीत गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या, किंवा घरी दखनी बोलणाऱ्या महिला असतील तर प्रत्येक टप्प्यानंतर त्यांच्यापैकीच एकीला तोच हिशोब आपल्या भाषेत सांगायला सांगा. ती सांगताना अडते तिथेच तुमचं समजावणं कमी पडलं आहे.

पुरुषांचा अपमान करून काही साधत नाही, गटाला त्याच गावात राहायचं आहे. ‘भाऊ, आज हिशोब बायकांनी करायचा आहे, तुम्ही शेवटी तपासून सांगा’ असं म्हणून त्यांना शेवटची दहा मिनिटं द्या. तोपर्यंत ढीग मांडून झालेले असतात आणि महिलांनी स्वतः काढलेलं उत्तर समोर असतं.

प्रश्न: ‘माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो’ ही स्लाइड जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात बघतो. मीही घालू का?
(एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

घालू नका. हे आकडे कोणत्याही संशोधनातून आलेले नाहीत. ते ज्या शंकूच्या चित्रावर छापतात तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचा, १९४६ चा. त्यांच्या चित्रात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कोणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे खऱ्या मोजणीतून येत नाहीत, हे गोणपाटातले कोंब मोजणाऱ्या शेतकऱ्यालाही पटेल. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ ही दुसरी स्लाइडही अशीच आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना व्यक्त करणाऱ्या सुट्या शब्दांबद्दल होते, भाषणाबद्दल नव्हते. स्वतः करून बघितलं की चांगलं शिकता येतं हे खरंच आहे, ते सांगायला खोट्या आकड्यांची गरज नाही. समोरच्यांपैकी एकाला जरी हे माहीत असलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रश्न: समोरून असा प्रश्न आला की उत्तरच येत नाही, तर? आणि शेवटी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले तर सगळे ‘छान’ लिहितात. आपलं प्रशिक्षण खरंच चांगलं झालं का, हे कसं कळणार?
(एक वाचक, देगलूर, जि. नांदेड)

उत्तर येत नसेल तर तसं सरळ सांगा, प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि ‘गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाकतो’ असा दिवस सांगून तो पाळा. अंदाजाने औषधाची मात्रा किंवा व्याजाचा दर सांगितला आणि चुकला, तर त्याचं नुकसान होतं आणि तुमचं नाव कायमचं जातं. आधी सभागृहालाही विचारून बघा, कितीदा तरी उत्तर तिसऱ्या रांगेत बसलेलं असतं.

‘छान’ लिहिलेला फॉर्म एवढंच सांगतो की लोकांना राग आलेला नाही. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, आणि त्यातून फरक पडला का. आपले फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतात. दुसरी पायरी सत्रातच बघता येते. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाकडून कामाचा एक नमुना करून घ्या आणि कितींचा बरोबर आला ते मोजा. फॉर्म ठेवायचाच असेल तर दोनच प्रश्न ठेवा: ‘घरी गेल्यावर पहिलं काय करणार?’ आणि ‘कुठे डोक्यावरून गेलं?’ दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पुढच्या सत्राआधी वाचा, तिथेच तुमची मांडणी दुरुस्त करायची असते.

तिसऱ्या पायरीसाठी औशाच्या ४५ शेतकऱ्यांचंच उदाहरण घ्या. पंधरा दिवसांनी यादीतल्या पाच जणांना फोन करा, यादीतला प्रत्येक नववा माणूस घ्या म्हणजे ओळखीचेच निवडले जाणार नाहीत. ‘आवडलं का’ विचारू नका. ‘किती दाणे लावले होते आणि किती उगवले?’ असं विचारा. ज्याने केलं असेल तो आकडा सांगतो. ज्याने केलं नसेल त्याला कुठे अडलं ते विचारा. गोणपाट मिळालं नाही, की लेकरांनी गुंडाळी उघडली, की तारीखच निघून गेली, हे वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.